आमच्या गल्लीत ताशी ३० ची मर्यादा कशी लावून घ्यायची?

पौडफाटा:
कोथरूडात आमची गल्ली जेमतेम ९ मीटर, त्यात एका बाजूला गाड्या लावलेल्या, आणि मेन रोडचा सिग्नल तुंबला की अख्खी टू-व्हीलर जनता शॉर्टकट म्हणून आमच्याकडून सुसाट. शाळा सुटताना आजी-आजोबा नातवंडांना धरून भिंतीला चिकटून चालतात. ३० ची मर्यादा मागायची तर कोणाकडे, आणि नुसत्या बोर्डाने काही होतं का?

नियमकिडा:
केंद्राच्या २०१८ च्या नोटिफिकेशनप्रमाणे महापालिका हद्दीत कारला ७० पर्यंत मुभा आहे (बोळात ७०, असो). पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य सरकार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी एखाद्या रस्त्यापुरती ती कमी करू शकतो. अर्ज वाहतूक शाखेला द्या, कॉपी महापालिकेच्या पथ विभागाला. सोसायटीने स्वतः रंगवलेल्या बोर्डाला काडीची किंमत नाही.

घाईतला:
३० म्हणजे चेष्टा आहे का राव. लोकांनी फुटपाथवरून चालावं ना, फोनवर बोलत मधून जातात त्यांचं काय

पौडफाटा:
फुटपाथ दाखवा, चालतो. आहे त्यावर डीपीचा डबा, दोन बुलेट आणि वडापावची गाडी.

हिशोबी:
@घाईतला अर्धा किलोमीटर गल्लीत ५० ने ३६ सेकंद लागतात, ३० ने ६०. तुमचे वाचले २४ सेकंद, तेही मध्ये कोणी आलं नाही तर. आता पोरगं आडवं आलं समजा, ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तेवढ्यात ५० वाला १४ मीटर पुढे आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही, ३० वाला मात्र कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबलेला पण असतो.

कार्डिफकर:
इथे वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ ला वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ३० मैलांचं २० केलं, म्हणजे आपले ३२ किमी. विरोधात ४ लाखांवर सह्या, आणि देशाची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास! पण मी ऐकलेली भांडणं बहुतेक मोठ्या रस्त्यांची होती, घरासमोरच्या गल्लीबद्दल कोणी फारसं तोंड उघडलं नाही. म्हणून सांगतो, अर्ज फक्त गल्लीचा करा, मेन रोड त्यात घुसडू नका.

सिव्हिलवाला:
बोर्ड कोण वाचतं ओ. रस्ता मोकळा दिसला की पाय दाबला जातोच. गतिरोधक आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे हवा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, २५ च्या स्पीडने निवांत ओलांडता येतो. आपल्याकडे रातोरात फूटभर रुंदीचा सिमेंटचा दांडा ओततात, त्याने रिक्षात बसलेल्याचे मणके जातात आणि बाइकवाला पाणी जायला ठेवलेल्या कडेच्या फटीतून आहे त्याच स्पीडने निघून जातो. त्यापेक्षा गल्लीचं तोंड अरुंद करून मागा, कोपरा आवळला की वळताना स्पीड तोडावाच लागतो. शाळेच्या गेटसमोरचं क्रॉसिंग फुटपाथच्या लेव्हलला उचलून घ्या. अर्जाला हाताने काढलेला नकाशा जोडला तरी चालेल.

पौडफाटा:
तोंड अरुंद करायचं पटलं, पण त्यात दोन गाड्यांचं पार्किंग जाणार आणि त्यातली एक आमच्या चेअरमनची. रविवारी मीटिंग आहे, बघू