चेहरा वाकवला की कला होते का?

गोदाकाठचा_गप्पिष्ट
‘फुकट सॉफ्टवेअर, फुकट कला’ या पोस्टला दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण डोकं फिरलंय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: डार्करूमवाले काका म्हणतात, कुणाचाही फोटो गिंपमध्ये (फोटो बदलायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये) टाकायचा, भोवरा नाहीतर लाटा निवडायच्या, स्लायडर ओढायचा आणि ‘कलात्मक विरूपण’ म्हणून मिरवायचं. वर शेरा, ज्याला चेहरा नीट काढता येत नाही त्यानेच तो वाकवावा.

काका, कधी करून पाहिलंय का? मी आजीच्या पोर्ट्रेटवर काम केलं. रामकुंडातल्या पाण्याचा फोटो काढला, कृष्णधवल केला आणि ‘डिस्प्लेस’ला नकाशा म्हणून दिला. हा फिल्टर नकाशातला उजेड-अंधार बघून पिक्सेल सरकवतो. मधला राखाडी असेल तिथे काही हलत नाही, उजळ भाग एका बाजूला जातो, गडद दुसऱ्या. पहिल्या खेपेला गालाची रवाळ चाळण झाली, कारण पाण्यावरचा प्रत्येक चमचमता ठिपका वेगळा ओढत होता. मग नकाशा धूसर केला, तेव्हा कुठे लाट लाटेसारखी आली. तरी ओठांचा डावा कोपरा फाटत होता. शेवटी नकाशावरच ओठ आणि डोळ्यांच्या जागी मधला राखाडी ब्रशने फिरवला. सगळा चेहरा पाण्यात, नजर जागच्या जागी. काय हलवायचं नाही हे कुठलं बटण ठरवतं, सांगा.

डार्करूमवाले_काका
मेन रोडला स्टुडिओ होता माझा, तेव्हा मला ‘करून पाहिलंय का’ विचारू नका. निगेटिव्ह काचेवर ठेवून टोकदार पेन्सिलने सुरकुत्या भरायचो. हात जरा जड पडला की प्रिंटवर पांढरा डाग. एकदा एक गृहस्थ वारलेल्या बायकोचा एकुलता एक फोटो घेऊन आले, तोही ग्रुपमधला, नखाएवढा चेहरा. तो मोठा करून, कान-नाक भरून दिला, तर माणूस काउंटरवरच रडायला लागला. चेहरा ही जबाबदारी असते हो. तुम्ही त्याचा खेळ करताय.

कॉलेजरोड_कट्टा
काका, म्हणजे नसलेला कान तुम्ही मनाने भरलात आणि ती जबाबदारी. आम्ही असलेला कान हलवला की खेळ?

छायाचित्रकार आंद्रे केर्तेझने १९३३ मध्ये पॅरिसमध्ये जत्रेतले वाकडे आरसे लावून मॉडेल्सचे फोटो काढले. आज ते फोटोग्राफीच्या इतिहासात शिकवतात. तेव्हाही कुणी ‘चेहरा काढता येत नाही’ म्हणालंच असेल.

डार्करूमवाले_काका
आरसा त्याने निवडला, उभं राहायची जागा त्याने निवडली. मेनूतून नाही.

कॉलेजरोड_कट्टा
आरसा काय त्याने घरी ओतला होता? तोही तयार मालच.

त्र्यंबकचा_पाहुणा
फाळक्यांच्या जिल्ह्यात हा वाद व्हावा! त्र्यंबकेश्वरी १८७० ला जन्मलेला हा माणूस छायाचित्रकारही होता आणि ‘प्रोफेसर केळफा’ नावाने जादूचे प्रयोगही करायचा. कॅमेऱ्याने डोळ्याला फसवणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

गोदाकाठचा_गप्पिष्ट
आले फाळके. नाशिकमध्ये पार्किंगचा वाद असला तरी फाळके येतातच.

सिडको_रहिवासी
कला-बिला राहू द्या. खरं विरूपण बघायचंय तर चौकातले फ्लेक्स बघा. भाऊंचा वाढदिवस, भाऊ पिठासारखे पांढरे, मान गायब, खाली चाळीस शुभेच्छुक पासपोर्ट साइजमध्ये. आमच्या कोपऱ्यावरचा सिग्नल त्यामागे दिसत नाही. आणि मराठी? ‘हार्दिक’चा रफार दरवेळी भलत्याच अक्षरावर!

फ्लेक्सवाला_सातपूर
घ्या, आलो मीच. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर अंधारातला सेल्फी येतो. ‘गोरा कर, पोट आत घे, सकाळी सहाला लावायचाय.’ नाही म्हणून बघा, शेजारच्या दुकानात जातो तो. रफाराचं कारण वेगळं आहे. आमच्याकडचे फॉन्ट जुने, युनिकोडच्या, म्हणजे मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरांच्या सर्वमान्य पद्धतीच्या, आधीचे. तुमचा मोबाइलवरचा मजकूर त्यात चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात, मग पोरगा घाईत पुन्हा टाइप करतो.

गोदाकाठचा_गप्पिष्ट
मग गिंप वापरा ना. युनिकोड मराठी सरळ बसतं, जोडाक्षरं तुटत नाहीत, शिवाय क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरची भानगड नाही.

फ्लेक्सवाला_सातपूर
क्रॅक कुणाला म्हणता? बिल दाखवू? आणि तुमच्या गिंपमध्ये सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, काम करता येत नाही, हे ठाऊक आहे का? फुकट म्हणून मिरवायला ठीक आहे.

कॉलेजरोड_कट्टा
दादा, मशीनचं सॉफ्टवेअर आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, फाइल घेऊन स्वतः बदलतं की. तुम्हीच व्हॉट्सअ‍ॅपचे जेपेग थेट छापता!

फ्लेक्सवाला_सातपूर
छापतो. आणि मग भाऊ जांभळे आले की शिव्या मी खातो, तुम्ही नाही.

सिडको_रहिवासी
सिग्नलचं काय?

पंचवटीची_शाळाबाई
मुद्द्यावर या जरा. मी चित्रकला शिकवते. मुलांना गिंपमधलं ‘वॉर्प’ हे चित्र ओढून वाकवायचं हत्यार दिलं की सगळी आधी डोळे मोठे करतात. काही केल्या थांबत नाहीत. गंमत तीन मिनिटं टिकते, मग सगळ्यांची चित्रं एकसारखी. गिंपच्या ३.० आवृत्तीपासून बरेच फिल्टर थरावर तसेच राहतात, नंतर आकडे बदलता येतात, हे फार बरं झालं. पण त्यामुळे मुलं काही ठरवायचंच टाळतात. काकांचं अर्धं म्हणणं इथे खरं आहे. ‘चेहरा काढता येत नाही’ हा उरलेला अर्धा मात्र निव्वळ आकस.

डार्करूमवाले_काका
अर्ध्याबद्दल आभारी आहे, बाई. परीक्षेत नापास केलं नाहीत हेच नशीब.

गप्पिष्ट, नकाशावर राखाडी फिरवून डोळे वाचवलेत, तेवढं पटलं. ते रिटचिंगच आहे, उलट्या बाजूने. पण माझी पोस्ट ज्यावर होती तो फोटो, सगळ्या तोंडाला सरसकट भोवरा लावलेला, तो भिकारच होता आणि मी शब्द मागे घेणार नाही.

गोदाकाठचा_गप्पिष्ट
तो माझा नव्हताच. मलाही नाही आवडला. पण तुम्ही एका भोवऱ्यावरून सगळ्यांना झोडपलंत. आजीचा फोटो मोठ्या प्रिंटवर बघायचा असेल तर सांगा, आणतो. स्क्रीनवर बघून मत देऊ नका.

डार्करूमवाले_काका
मॅट कागदावर आणा. चकचकीत आणलात तर बघणार नाही.

फ्लेक्सवाला_सातपूर
प्रिंट माझ्याकडे काढा, मॅट आहे. फक्त पीएनजी पाठवा, तुमची एक्ससीएफ, ती गिंपची फाइल, आमच्याकडे उघडत नाही. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायला बरा कन्व्हर्टर कुणाला माहीत असेल तर टाका. आमचा प्रत्येक वेळी ‘श्र’ खातो.

सिडको_रहिवासी
सिग्नल!!