मदत हवी आहे: ताटातूट झालेल्या भावंडांचे विनोदी सिनेमे सुचवा

‘ट्विन्स’ (१९८८) पुन्हा पाहिला. धिप्पाड, भाबडा आर्नोल्ड श्वार्झनेगर आणि बुटका, लबाड डॅनी डेव्हिटो म्हणे जुळे भाऊ! अर्धा विनोद तर पोस्टरवरच होऊन जातो.

अशा धर्तीचे आणखी सिनेमे कुणी सुचवेल का? हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचे, ओळखीच्या घोटाळ्यावर चालणारे नकोत. ते भरपूर पाहिलेत. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) पाठच आहे, पण तिथे भावांना आपलं नातं कळेपर्यंत सिनेमा संपत आलेला असतो. मला नेमकं त्यापुढचं हवंय: रक्ताचं नातं कळलंय, पण एकमेकांशी अजिबात पटत नाही. दोघी बहिणी असतील तर फारच छान. भाषा कुठलीही चालेल, फक्त सबटायटल्स हवीत. रडारड कमी असलेले आधी सांगा.