मदत हवी आहे: आयपी फोनवर पहिलं 'हॅलो' ऐकू येतं, मग एका बाजूचा आवाज गायब (व्हीलॅनचा घोळ?)

मंडळी, नमस्कार.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा शीटमेटलचा छोटा कारखाना आहे. मी मुळात हिशोब बघतो. पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दाखवला, तेव्हापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात पडली आहे. वळवाच्या पावसात जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं फोन एक्सचेंज) जळाला म्हणून आयपी फोन घेतले. ज्यांनी बसवले ते पैसे मिळेपर्यंत रोज येत होते, आता फोन उचलत नाहीत.

मांडणी अशी: एकाच वायरिंगवर दोन वेगळी नेटवर्क (व्हीलॅन) केली आहेत. कॉम्प्युटर व्हीलॅन १० मध्ये (१९२.१६८.१०.०), फोन व्हीलॅन २० मध्ये (१९२.१६८.२०.०). एस्टरिस्कचा डबा (कॉल जोडून देणारं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं तो कॉम्प्युटर) २०.५ वर; पत्त्याचे शेवटचे दोनच आकडे लिहितोय. दोन्ही व्हीलॅनमधली ये-जा (राउटिंग) फायरवॉलवर, तिचे पत्ते १०.१ आणि २०.१. टेबलावरचे फोन २२. भिंतीतून एकच केबल येते, ती फोनला, आणि फोनच्या पाठीमागून कॉम्प्युटरला. बाहेरची लाइन एसआयपी ट्रंकवर (नेटवर्कवरून येणारी फोनलाइन).

फोन ते फोन बोलणं व्यवस्थित होतं. बाहेरचे कॉलही उत्तम. गाडी अडते ती मालकांपाशी. त्यांना टेबलावर फोन नको, लॅपटॉपवर सॉफ्टफोन हवा, म्हणजे ते व्हीलॅन १० मध्ये. ते स्टोअरला फोन लावतात, स्टोअरवाला उचलतो, त्याचं पहिलं 'हॅलो' मालकांना ऐकू येतं आणि पुढे शांतता. स्टोअरवाल्याला मात्र मालकांचं सगळं स्पष्ट ऐकू जातं. म्हणजे ओरडा पोचतो, खुलासा पोचत नाही.

फायरवॉलमध्ये १० आणि २० एकमेकांना पूर्ण मोकळे करून पाहिले, फरक शून्य. आमची सुट्टी शनिवारची असते, असे दोन शनिवार यात गेले.

दुसरी छोटी अडचण: गोडाउनमध्ये नवा स्विच लावला आहे. तिथला फोन १०.x चा पत्ता घेतो, २०.x चा नाही.

सिडकोकर: राउटरमध्ये एसआयपी एएलजी (कॉलच्या पॅकेटमधले पत्ते बदलणारी सोय) चालू असेल, बंद करा. एका बाजूचा आवाज म्हटलं की दहात नऊ वेळा तेच.

धागाकर्ता: पहिल्याच दिवशी बंद केलं. शिवाय बाहेरचे कॉल नीट आहेत, बोंब आतल्या आतच आहे.

तारतम्य: बरोबर, एएलजीचा संबंध नॅटशी (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं). इथे दोन आतल्या व्हीलॅनमध्ये नॅट नसणार (असेल तर आधी काढा).

मला ते पहिलं 'हॅलो' महत्त्वाचं वाटतं. एक सांगा, फोनना पत्ते कोण वाटतं? फायरवॉल की एस्टरिस्कचा डबा? आणि स्टोअरच्या फोनच्या मेनूत जाऊन नेटवर्कची माहिती उघडा. तिथे गेटवे (दुसऱ्या नेटवर्कला जायची वाट) काय दिसतो ते जसंच्या तसं इथे लिहा. अंदाजाने नको, बघून.

धागाकर्ता: आत्ता स्टोअरमध्ये उभा राहून लिहितोय. पत्ता १९२.१६८.२०.३१, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.२०.५. पत्ते वाटणारं डीएचसीपी त्या डब्यावरच आहे.

तारतम्य: मग सापडलं. गेटवे २०.१ हवा, बसवणाऱ्यांनी डब्याचाच पत्ता टाकलाय.

घडतं काय ते सांगतो. कॉल लागताना आवाज एस्टरिस्कमधून जातो, म्हणून 'हॅलो' पोचतं. त्यानंतर एस्टरिस्क म्हणतो, मी कशाला मध्ये हमाली करू, तुम्ही थेट बोला. दोन्ही टोकांना री-इन्व्हाइट (आवाज आता थेट समोरच्याला पाठवा, असा निरोप) पाठवून तो बाजूला होतो. ही डायरेक्ट मीडियाची सोय, आणि मूळ सेटिंगमध्ये ती चालू असते. आता लॅपटॉपचा आवाज १०.१ मार्गे फोनपर्यंत येतो, कारण लॅपटॉपचा गेटवे बरोबर आहे. फोनला मात्र १० मध्ये जायचंय आणि त्याला वाट ठाऊक आहे फक्त २०.५ ची. तो डबा राउटर नाही, पॅकेट तिथेच पडतं.

फोन ते फोन एकाच व्हीलॅनमध्ये, तिथे गेटवे लागतच नाही. बाहेरचा कॉल तुमच्याकडे डब्यातूनच जात असणार, म्हणून तोही चालतो. त्यामुळे ही चूक इतके दिवस कुणाच्या लक्षात आली नाही.

डीएचसीपीच्या सेटिंगमध्ये ऑप्शन ३, म्हणजे राउटर, २०.१ करा. सेवा पुन्हा सुरू करा, मग फोन रीस्टार्ट. ऑप्शन ६६ मध्येही २०.५ दिसेल, त्याला हात लावू नका, फोन आपलं कॉन्फिगरेशन तिथून उचलतात. आणि ते १०-२० मोकळं सोडलेलं नंतर आवळा, एसआयपी (कॉल जोडणं) आणि आरटीपी (आवाज नेणं) एवढ्यापुरतंच ठेवा.

पंचवटीवाला: त्यापेक्षा डायरेक्ट मीडियाच बंद केलं तर? सगळा आवाज डब्यातून जाईल.

तारतम्य: चालेल. जी.७११ (आवाज पाठवायची एक पद्धत) ला एका दिशेचा आवाज इथरनेटवर साधारण ८७ केबीपीएस घेतो, २२ फोनांचं ओझं ते काय. पण चुकलेला गेटवे तसाच ठेवून वरून ठिगळ लावणं मला पटत नाही. उद्या फोनची वेळ बाहेरच्या सर्व्हरवरून घ्यायची म्हटली की परत तेच रडगाणं.

गोडाउनचं: नुसता अपलिंकवर (मुख्य स्विचकडे जाणाऱ्या जोडणीवर) २० चा टॅग (पॅकेटवरची व्हीलॅनची खूण) द्यायचा राहिला असता, तर फोन २० मध्ये गेला असता आणि त्याला पत्ताच मिळाला नसता. त्याला १० चा मिळतोय, म्हणजे २० बद्दल त्याला कुणी सांगितलेलंच नाही. नव्या स्विचवर एलएलडीपी (स्विच फोनला त्याचा व्हीलॅन सांगतो ती सोय) आणि व्हॉइस व्हीलॅन बघा. फोनच्या पोर्टवर १० अनटॅग्ड, २० टॅग्ड. अपलिंकच्या दोन्ही टोकांनाही २० टॅग्ड. एकाच टोकाला करून लोक तासभर डोकं धरून बसतात, मीही बसलोय.

धागाकर्ता: ऑप्शन ३ बदलला. फोन एकेक करून रीस्टार्ट केले, स्टोअरचा सगळ्यात आधी. मालकांनी कॉल लावला. 'हॅलो'. मग 'हां साहेब, पत्रा आलाय, चलन यायचंय.' दोघांनाही नीट ऐकू आलं.

गोडाउनच्या स्विचवर एलएलडीपी बंदच होतं. ते चालू केल्यावर फोनला पत्ताच मिळेना, तुम्ही म्हणालात तस्संच, अपलिंकचा टॅगही द्यायचा राहिला होता. तो दोन्ही टोकांना दिला, आता २०.४४ आलाय.

डिस्पॅचचा एक फोन अजून जुनाच गेटवे दाखवतोय.

तारतम्य: त्यात पत्ता हाताने भरलेला असेल. मेनूत डीएचसीपीवर टाका.

धागाकर्ता: तसंच निघालं. झालं. स्टोअरवाला विचारत होता, पहिल्यासारखं परत करता येईल का.