सातारा ते मेणवली सायकलने: वाटेत काय पाहावे?

प्रश्न: डिसेंबरमध्ये साताऱ्याहून कृष्णाकाठच्या गावांतून वाईमार्गे मेणवलीपर्यंत सायकलने जाण्याचा विचार आहे, वाटेत काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: लिंब गावची बारामोटेची विहीर चुकवू नका. 1719 ते 1724 या काळात बांधलेल्या या अष्टकोनी विहिरीला जोडून चक्क महाल आहे, आणि पायऱ्या उतरताना लागणारा गारवा सायकलस्वाराचा सारा शीण घालवतो.

उत्तर 2: मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा पाहून मागच्या घाटावर निवांत बसावे, तेथील मोठी पोर्तुगीज घंटा 1739 च्या वसई विजयानंतर आणलेली आहे.

उत्तर 3: डिसेंबरमध्ये ऊसतोडणीचा हंगाम असतो. भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागून अरुंद रस्त्यावर पुढे जाण्याची घाई कृपया करू नये.