लहान मुलं नसलेलं बेट हवंय, आठ दिवसांसाठी. मालदीव की अजून कुठे?

पाळणेवाली

नमस्कार मंडळी. आधीच सांगते म्हणजे नंतर कुणी अंगावर यायला नको, मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते, २२ वर्षं झाली. सकाळी साडेसातला पहिलं पोर येतं आणि शेवटचं रात्री आठला जातं कारण त्याच्या आईची लोकल कुठेतरी अडकलेली असते. मुलं आवडतात मला, नाहीतर एवढी वर्षं हे जमलंच नसतं. पण येत्या फेब्रुवारीत लग्नाला २५ वर्षं होतायत, आमचा मुलगा बंगलोरला नोकरीला लागला, तर नवरा म्हणाला सांग कुठे जायचं. मी म्हटलं जिथे कुणी येऊन "मावशी शू" म्हणणार नाही तिथे. तो हसला, मी हसले नव्हते.

मागच्या वर्षी गोव्याला गेलो होतो, हॉटेलवाला म्हणाला होता एकदम शांत आहे. पहिल्याच सकाळी पूलमधून आवाज आला "मावशीऽऽऽ". आमच्याच पाळणाघरातला, आईबाबांबरोबर आलेला. पुढचे तीन दिवस तो माझ्याच खुर्चीला चिकटून, आणि त्याचे आईबाबा निवांत.

तर आता बेटच बघतेय. एजंट म्हणतोय मालदीवला अडल्ट्स ओन्ली रिसॉर्ट असतात, पाण्यावरची व्हिला घ्या. विमान सोडून साधारण तीन-साडेतीन लाख बजेट. दोघांनाही पोहता येत नाही, ह्यांचा गुडघा दुखतो, दारू नावापुरती, मी शाकाहारी. अडल्ट्स ओन्ली म्हणजे खरंच शांत असतं का? बुक करण्याआधी नेमकं काय विचारायचं? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.

खारा_वारा

ताई "मावशी शू" ला साष्टांग _/\_

मी डायव्हिंगसाठी चार वेळा गेलोय, त्यातले दोनदा अडल्ट्स ओन्लीला, तर जरा लांबच लिहितो. पहिली गोष्ट, ती पाटी म्हणजे शांततेची गॅरंटी नाही. पाटी फक्त वय सांगते, आणि ते वयसुद्धा सगळीकडे सारखं नाही, कुठे १२ च्या वर चालतं, कुठे १५, कुठे १६, कुठे १८. त्यामुळे आकडा विचारा. आणि १८ च्या वरची माणसं शांत असतात हा आपला गैरसमज आहे. मी एकदा ज्या बेटावर होतो तिथे एकही पोर नव्हतं पण रोज रात्री बारापर्यंत बीच बारवर डीजे, आणि बेट एवढंसं की पळून जाणार कुठे. दुसऱ्या वेळी साध्या फॅमिलीवाल्या बेटावर, टोकाच्या व्हिलात, आठ दिवसांत रेस्टॉरंट सोडून कुठेही माणूस दिसला नाही.

मालदीवचं गणित असं आहे की एक बेट एक रिसॉर्ट. बाराशेच्या आसपास बेटं, बहुतेक इतकी लहान की अर्ध्या तासात चक्कर मारून होते. म्हणजे रिसॉर्टचा जो स्वभाव तोच बेटाचा स्वभाव, कंटाळा आला म्हणून बाहेर पडून कोपऱ्यावर वडापाव खाऊ असा मामला नाही. म्हणून निवडताना फोटो बघू नका, नकाशा बघा. प्रत्येक रिसॉर्टच्या साइटवर बेटाचा नकाशा असतो. त्यात बार कुठे, धक्का कुठे, सीप्लेन कुठे उतरतं, स्टाफची वस्ती आणि जनरेटर कुठल्या बाजूला, हे बघायचं आणि त्याच्या विरुद्ध टोकाची खोली मागायची. शेजारच्या बेटावर बांधकाम चालू आहे का हेपण ईमेलवर विचारा, फोनवर नको, लेखी उत्तर हवं. पाण्यावरून ड्रिलचा आवाज फार लांब येतो हो.

आता पाण्यावरची व्हिला. फोटोत भारी दिसते, मान्य. पण लांबच लांब लाकडी पूल, दिवसभर त्यावरून बगी आणि सामानाच्या ट्रॉल्या खडखड करत जातात, शेजारच्याच्या डेकवरचं बोलणं ऐकू येतं आणि वारा सुटला की रात्रभर खाली लाटा थपाथप. पाण्यात उतरायला शिडी, म्हणजे साहेबांचा गुडघा. पोहता येत नाही तर खाली खोल पाणी असून उपयोग काय? तुम्ही बीच व्हिला घ्या. समोर वाळू, डोक्यावर झाडं, अंगणात बसल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी स्वस्तही पडते. फारच हौस असेल तर शेवटच्या दोन रात्री पाण्यावर.

आणि एक, रीफ आणि लगून. जिथे प्रवाळ किनाऱ्याला चिकटून आहे तिथे मासे दोन पावलांवर पण पायाखाली टोचतं, आणि जिथे मऊ पांढरी वाळू, गुडघाभर निळं पाणी लांबपर्यंत, तिथे मासे बघायला बोटीने जावं लागतं. मला पहिलं लागतं, तुम्हाला दुसरं.

नावं हवी असतील तर ल्हावियानी अटॉलमधली (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) कोमांडू आणि हुरावल्ही दोन्ही अडल्ट्स ओन्ली आहेत. हुरावल्हीला पाण्याखाली ५.८ मीटरवर काचेचं रेस्टॉरंट आहे, त्याचं नावच ५.८. तिथलं जेवण वेगळं बुक करावं लागतं आणि महाग आहे, वर्षातून एकदा लग्नाचा वाढदिवस येतो म्हणून चालेल. ह्या दोन्हीला मालेहून सीप्लेनने साधारण ४० मिनिटं. विमानतळाजवळ हवं असेल तर लोबिगिली, तेही अडल्ट्स ओन्ली, स्पीडबोटने पाव तास. धिवेहीत, म्हणजे तिथल्या भाषेत, लोबी म्हणजे प्रेम आणि गिली म्हणजे बेट, साहेबांना सांगा :)

तिकीटवाला_ठाणे

मी ह्याच धंद्यात आहे, नाव-नंबर देत नाही, जाहिरात नको. वाऱ्याने सगळं बरोबर सांगितलं, मी पैशाचं सांगतो कारण तिथेच लोक फसतात.

रेटच्या पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की सावध. त्याचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्याच्यावर टुरिझम जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. म्हणजे १०० डॉलर लिहिलेत ते प्रत्यक्षात १२८ डॉलर ७० सेंट. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टला माणशी रात्रीला १२ डॉलर, २०२४ पर्यंत ६ होता. तुम्ही दोघं सात रात्री म्हणजे १६८ डॉलर नुसते हेच. त्यानंतर ट्रान्सफर. सीप्लेनचं भाडं माणशी असतं, जाऊन येऊन दोघांचं मिळून कधीकधी मुंबई-माले तिकिटापेक्षा जास्त होतं, तर एजंटला म्हणावं सगळं धरून एक आकडा दे आणि तो लिहून दे.

सीप्लेन फक्त उजेडात उडतं. मालेला दुपारी साडेतीनच्या पुढे उतरलात तर बहुतेक त्या दिवशी मिळत नाही, मग विमानतळाजवळच्या हुलहुमालेला एक रात्र हॉटेल, आणि रिसॉर्टची भरलेली रात्र फुकट. स्वस्त तिकिटाच्या नादात संध्याकाळची फ्लाइट घेऊन रडणारे दर सीझनला दोनतीन तरी येतात. सामान २० किलो आणि हातातलं ५, जास्तीचे पैसे लागतात.

जेवण: तुम्ही पीत नाही म्हणून एजंट हाफ बोर्ड देईल, नाश्ता आणि रात्रीचं. घेऊ नका. दुपारी एक सँडविच आणि दोन ज्यूसचं बिल आलं की पोट आपोआप भरतं. फुल बोर्ड घ्या, आणि पाणी त्यात धरलंय का विचारा. शाकाहारी आहात हे आधी ईमेल करा. जिथे भारतीय लोक जास्त जातात तिथे डाळभात मिळतोच, पण लहान युरोपियन गर्दीच्या बेटांवर सांगितलं नाही तर आठ दिवस पास्ता.

व्हिसा विमानतळावरच, फुकट. जायच्या आधी ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट, पैसे मागणाऱ्या नकली साइट आहेत. ड्युटी फ्रीची बाटली कस्टमवाले ठेवून घेतात, परत येताना देतात. व्हेप तर न्यायचाच नाही. आणि ताई, बऱ्याच जणांना माहीत नसतं, पूजेची मूर्तीसुद्धा नेता येत नाही. पर्समध्ये छोटा गणपती ठेवायची सवय असेल तर तो घरी ठेवा.

जुना_जाणता

मला एक कळत नाही. मुलं म्हणजे देवाघरची फुलं म्हणणारी आपली संस्कृती आणि आपणच मुलांना बंदी असलेली हॉटेलं शोधतोय. उद्या म्हाताऱ्यांना बंदी घालतील. आमच्या वेळी पंचवीस वर्षं झाली की लोक काशीला जायचे, अख्ख्या कुटुंबाला घेऊन.

पाळणेवाली

काका माझ्याकडे रोज १४ फुलं असतात. त्यातली दोन चावतात. तुम्ही एक दिवस या, मी काशीला जाऊन येते.

वारा दादा आणि ठाणेवाले, तुम्ही दोघांनी एवढं टाइप केलंत, खूप आभार. मूर्तीचं खरंच माहीत नव्हतं, माझ्या पर्समध्ये आहे. एक शंका, फेब्रुवारी बरोबर आहे ना? पाऊसबिऊस नसतो ना? आणि अडल्ट्स ओन्लीचे पैसे जास्त पडतायत असं दिसतंय, साध्या बेटावर गेलं तर कितपत रिस्क?

खारा_वारा

फेब्रुवारी-मार्च एकदम बेस्ट, डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन, समुद्र तळ्यासारखा. मे ते ऑक्टोबर पाऊस आणि वारा, तेव्हा रेट पडतात. त्याच दिवसांत बा अटॉलला मांटा रे, म्हणजे पंखांसारखे पसरट मोठे मासे, येतात म्हणून आम्ही वेडे भिजत जातो, तुम्ही नका.

पोरांचं म्हणाल तर पाटीपेक्षा कॅलेंडर जास्त कामाचं. आपल्याकडची पोरं दिवाळीत आणि मे महिन्यात येतात. फेब्रुवारीत इथे परीक्षांचं वारं असतं त्यामुळे मराठी पोर तुम्हाला दिसणार नाही, "मावशी" ची शक्यता जवळजवळ शून्य. पण फेब्रुवारीच्या मधल्या दोन आठवड्यांत इंग्लंड-फ्रान्सकडच्या शाळांना सुट्टी असते आणि चिनी नववर्षही त्याच सुमारास येतं, तेव्हा साध्या बेटांवर पोरं असतात, फक्त भाषा वेगळी. महिन्याच्या शेवटी गेलात तर थोडं कमी.

पण खरं सांगू का, तुमच्या केसमध्ये मी पाटीचे पैसे भरेन. मला पोरांचा आवाज आला तर मी डोकं पाण्याखाली घालतो. तुम्हाला कुठलंही पोर रडलं की उठून बघावंसं वाटणार, फ्रेंचमध्ये रडलं तरी.

पाळणेवाली

हे वाचून ह्यांना दाखवलं. म्हणाले ह्या माणसाला तू कशी माहीत.

मोकातली_मी

मी मॉरिशसला राहते, लग्न होऊन आले, १० वर्षं झाली, म्हणून इथलं सांगते. इथेही अडल्ट्स ओन्ली आहेत, उत्तरेला पॅरडाइज कोव्ह आहे, ग्रां गोबला वेरांडाचं पॉल ए व्हर्जिनी आहे. मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास, व्हिसाची कटकट नाही. मालदीवपेक्षा फायदा असा की कंटाळलात तर गाडी काढून डोंगर, बाजार, गंगातलाव फिरता येतं, शाकाहारी खाणं रस्त्यावर मिळतं, ढोलपुरी एकदा खाच. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यात आलेल्यांची मराठी वस्ती आहे, गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते!

पण तुमचं मागणं बघता मीच म्हणेन मालदीवला जा. कारण इथले सगळे बीच कायद्याने सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरच्या वाळूवरूनही कुणीही चालत जाऊ शकतं. रविवारी तर अख्खं खानदान बिर्याणीचं पातेलं आणि रवान (इथला मोठा डफ) घेऊन समुद्रावर असतं, मीपण असते, माझी दोन्ही पोरं घेऊन. शिवाय जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. पुढच्या वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या, घरी जेवायला या. पोरांना आजीकडे पाठवते त्या दिवशी.

मालवणी_मसाला

एवढे पैसे घालवण्यापेक्षा तारकर्लीला या की. फेब्रुवारीत शुकशुकाट असतो, सोलकढी मिळेल, माणसं आपली.

तिकीटवाला_ठाणे

@मालवणी, शनिवारी-रविवारी कोल्हापूरच्या गाड्या आल्या की शुकशुकाट कुठे जातो तेपण सांगा :D लक्षद्वीपचंही कुणीतरी काढेल म्हणून सांगून ठेवतो, पाणी मालदीवच्या तोडीचं आहे पण परमिट लागतं, खोल्या मोजक्या, आणि अडल्ट्स ओन्ली वगैरे भानगड नाही.

पाळणेवाली

मंडळी अपडेट. बुक केलं. अडल्ट्स ओन्ली, १८ च्या वर, आकडा ईमेलवर विचारून घेतला. बीच व्हिला, सहा रात्री, बारच्या विरुद्ध टोकाला, फुल बोर्ड, पाणी धरून. सातवी रात्र परवडेना, ग्रीन टॅक्स आणि सीप्लेन धरल्यावर बजेट थोडं फाटलंच. एजंटने आधी संध्याकाळची फ्लाइट दिली होती, मी म्हटलं उजेडात उतरायचंय, तर तो गप्पच झाला, मग म्हणाला मॅडम तुम्ही ह्या लाइनमध्ये आहात का.

पाळणाघराच्या ग्रुपवर टाकलं फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा बंद. दोन मिनिटांत ११ मेसेज. एकीने विचारलं बेटावर नेटवर्क असतं ना, म्हणजे तो झोपला नाही तर व्हिडिओ कॉल करते तुम्हाला. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

ह्यांचा एकच प्रश्न आहे, तिथे चहा कसा असतो?

खारा_वारा

वाईट. खोलीत किटली असते, टीबॅग असतात, दुधाच्या नखाएवढ्या पुड्या. चहा पावडर, दूध पावडर आणि किसून वाळवलेलं आलं घेऊन जा. आणि घड्याळाचं लक्षात ठेवा, माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण बरीच रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात, संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. म्हणजे बेटावर आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. पहिल्या दिवशी नाश्ता चुकतो लोकांचा.

ग्रुपवर लिहा नेटवर्क नसतं. असतं, पण लिहा.

पाळणेवाली

लिहिलं. दूध पावडर पाळणाघरातल्याच डब्यातून काढून ठेवली.