प्रतिसाद: वर्तुळ अंडाकृती का होतं?
घोडेस्वारीत घोड्याचं वर्तुळ बिघडून अंडाकृती झालं की आतला, म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडचा लगाम ओढा, हा वरच्या प्रतिसादातला सल्ला काही पटला नाही. त्याने घोड्याची नुसती मान वळते. बाहेरचा खांदा निसटतो आणि वर्तुळ आणखीच फुगतं. खांदा आवरायचा तो बाहेरच्या लगामाने, स्वाराने आतला पाय तंगापाशी (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्यापाशी) ठेवून.

शिवाय २० बाय ४० मीटरच्या रिंगणात 'ए'पासून (कडेच्या खुणेच्या अक्षरांपैकी आखूड बाजूच्या मध्यावरचं) २० मीटर व्यासाचं वर्तुळ घेताना बरेच जण लांब बाजूंवरच्या 'के' आणि 'एफ'लाच कड गाठतात. ती अक्षरं कोपऱ्यापासून ६ मीटरवर. कड गाठायची १० मीटरवर, म्हणजे अक्षराच्या चार मीटर पलीकडे. तेही क्षणभरच, कडेने चालत राहायचं नाही! पुढे मध्यरेषा 'एक्स'वर, म्हणजे रिंगणाच्या मध्यबिंदूवर ओलांडायची. सरावाला 'ए', दोन्ही कडा आणि 'एक्स' या चारही ठिकाणी चुना टाका. कोपऱ्यात मात्र शिरू नका, परीक्षकांना ते लगेच दिसतं.