डेट्रॉइट: गुन्हेगारी आधी आली की वस्ती आधी मोडली?

मृण्मयी_क (धागाकर्ती)

गेल्या काही महिन्यांपासून मी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहराविषयी हाती लागेल ते वाचत आहे, आणि वाचन वाढेल तसा माझा गोंधळही वाढत चालला आहे. १९५० च्या जनगणनेत या शहरात १८,४९,५६८ माणसे होती; २०२० मध्ये ६,३९,१११ उरली. युद्ध नाही, महापूर नाही, तरीही सत्तर वर्षांत तिघांपैकी दोघे कमी झाले. १९७४ मध्ये तिथे ७१४ खून झाले आणि शहराला ‘मर्डर सिटी’ हे नाव कायमचे चिकटले. १८ जुलै २०१३ रोजी सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली दबलेल्या या शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याची दोन स्पष्टीकरणे मला वाचायला मिळतात. एका बाजूचे म्हणणे असे, की गुन्हे वाढले, लोक घाबरून गेले, आणि त्यांच्यामागून दुकाने, कर आणि शाळा गेल्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे नेमके उलटे आहे: कारखाने गेले, कमाई गेली, वस्ती मोडली, आणि त्या मोडक्या वस्तीत गुन्हेगारीने पाय पसरले. दोन्ही बाजूंचे लोक इतक्या ठामपणे लिहितात की वाचणाऱ्याला मधे बोलायला जागा राहत नाही.

माझी खरी अडचण मात्र अलीकडच्या आकड्यांपाशी आहे. २०२३ मध्ये डेट्रॉइटमध्ये २५२ खून झाले, आणि १९६६ नंतरचा तो सर्वांत कमी आकडा होता; २०२४ मध्ये तो २०३ पर्यंत उतरला. गरिबी मात्र फारशी हटलेली नाही, आजही जवळपास एक तृतीयांश रहिवासी दारिद्र्यरेषेखाली आहेत. गरिबीमुळे गुन्हे होतात असे मानले, तर गरिबी तशीच असताना खून कसे घटले? आणि एखादी गल्ली मोडते तेव्हा प्रत्यक्षात काय काय घडते, हे कोणी जवळून पाहिले असल्यास तेही जरूर लिहावे.

जुने_नकाशे

मृण्मयीताई, तुमच्या प्रश्नातला ‘आधी’ हा शब्द तपासायचा तर सनावळीच पाहावी लागेल. जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली, आणि बहुतेक लेखक शहराच्या घसरणीची कथा तिथूनच सुरू करतात. परंतु १९६० च्या जनगणनेतच लोकसंख्या १६,७०,१४४ पर्यंत खाली आली होती, म्हणजे दंगलीला सात वर्षे बाकी असतानाच पावणेदोन लाखांहून अधिक माणसे कमी झाली होती. मोटार कंपन्यांना आता एकमजली, लांबच लांब पसरलेले कारखाने हवे होते. तेवढी सलग जमीन शहराबाहेरच मिळत होती, म्हणून नवे कारखाने तिकडे उभे राहिले. पॅकार्ड या मोटार कंपनीचे डेट्रॉइटमधले उत्पादन १९५६ मध्ये थांबले. तेव्हा ‘मर्डर सिटी’ हे नाव कोणाच्या डोक्यातही नव्हते.

मात्र शहरातून कोणाला निघता आले आणि कोण अडकून पडले, हे योगायोगाने ठरलेले नाही. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, आणि ज्या भागांत कर्ज देणे धोक्याचे मानले गेले ते तांबडे झाले. कृष्णवर्णीय कुटुंबे राहत असलेली वस्ती जवळजवळ नेहमीच तांबड्यात पडे. डेट्रॉइटच्या एट माइल रोडजवळ याचा एक पुरावा आजही उभा आहे. १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्या कुटुंबांसाठी घरे बांधायची होती, पण लागूनच कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे सरकारी हमीचे कर्ज मिळत नव्हते. त्याने दोहोंच्या मधोमध सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली, आणि कर्ज मंजूर झाले. लहान मूलही चढून जाईल अशी ती भिंत आहे. तिचा उपयोग माणसे अडवण्यासाठी नव्हता, नकाशावर रेघ ओढण्यासाठी होता.

पुढे हेस्टिंग्ज स्ट्रीट, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा आणि गाण्या-बजावण्याचा मुख्य रस्ता, क्रायस्लर फ्रीवे या महामार्गाखाली गेला. घरांच्या बाबतीतला भेदभाव १९६८ च्या कायद्याने बेकायदेशीर ठरला खरा. पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ या डेट्रॉइटच्याच खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की शाळांतील वर्णविभाजन मोडण्यासाठी उपनगरांच्या शाळांना त्या योजनेत ओढता येणार नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा झाला, की शहराची हद्द ओलांडली की शहराच्या शाळांची जबाबदारीही मागे टाकता येत होती. खुनांचा तो ७१४ चा आकडा याच वर्षाचा आहे, हा योगायोग असेलही. परंतु तोवर वस्ती मोडण्याची तयारी पंचवीस-तीस वर्षे चालली होती.

पाच_हिवाळे

मी २००९ च्या शरद ऋतूपासून पाच हिवाळे त्या शहराच्या पूर्व भागात भाड्याने राहिलो. गल्ली कशी मोडते हे विचारले आहे, म्हणून शेजारच्या एका घराचीच हकिगत लिहितो.

त्या घरातले कुटुंब कराच्या थकबाकीमुळे घर गमावून बसले. मिशिगनमध्ये तीन वर्षे कर थकला की मालमत्ता जप्त होते. राज्यघटनेनुसार कर-आकारणीचे मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. परंतु २००८ नंतर घरांचे भाव कोसळले तरी कागदावरची मूल्ये कित्येक वर्षे त्या प्रमाणात खाली आली नाहीत, आणि विकून जेमतेम काही हजार डॉलर येतील अशा घरांवर जुन्या भावाने कर लागत राहिला. २००९ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत शहरातल्या दर तीन मालमत्तांमागे जवळपास एक अशी जप्तीत गेली. हा गुन्हा कोणत्याही पोलिसी आकड्यात मोजला जात नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

कुटुंब गेल्यावर पहिले काही आठवडे काहीच घडले नाही, फक्त अंगणातले गवत वाढले. मग बाहेरच्या भिंतींवरचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे उतरले. नंतर तळघरातला वॉटर हीटर गेला आणि शेवटी तांब्याचे पाइप. पाइप कापणाऱ्याने मुख्य नळ बंद करण्याची तसदी घेतली नाही, त्यामुळे तळघरात पाणी रात्रंदिवस वाहत राहिले. माझ्या खोलीतून तो आवाज स्पष्ट ऐकू येई. जानेवारीत त्या पाण्याचा बर्फ झाला आणि पायाजवळच्या विटा फुगून बाहेर आल्या. भंगारवाल्याने त्या तांब्याचे फार तर दोनशे-तीनशे डॉलर दिले असतील, पण त्या दिवसापासून ते घर दुरुस्तीच्या पलीकडे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात कोणीतरी ऊब मिळावी म्हणून आत आग पेटवली आणि वरचा मजला जळाला. त्यानंतर आमच्या घरमालकीणबाईंच्या विम्याचा हप्ता वाढला. ‘शेजारची परिस्थिती’ एवढेच कारण विमा कंपनीने पत्रात दिले होते.

आमच्या गल्लीतल्या सात दिव्यांपैकी दोन लागत. २०१३ च्या सुमारास शहरातले जवळपास चाळीस टक्के पथदिवे बंद होते, आणि अतितातडीच्या फोनवरही पोलीस यायला सरासरी ५८ मिनिटे लागतात, असे दिवाळखोरीच्या वेळच्या सरकारी अहवालातच नोंदले गेले होते. एका रात्री समोरच्या घरात कोणी शिरल्याचे पाहून आम्ही फोन केला. पोलीस आले तेव्हा आम्ही सगळे झोपलो होतो. पुढच्या वेळी आम्ही फोनच केला नाही, आणि ही गोष्ट मला आजही त्या जळालेल्या घरापेक्षा अधिक खटकते.

तरीही

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु दोन्हींचा सूर असा आहे की गुन्हेगारी म्हणजे केवळ ताप, रोग वेगळाच. मला हे पटत नाही. ज्युली कलन आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये अमेरिकी शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांच्या हिशेबाने शहरातल्या प्रत्येक वाढीव नोंदलेल्या गुन्ह्यामागे साधारण एक रहिवासी कमी होतो. अधिक शिकलेली आणि मुलेबाळे असलेली कुटुंबे गुन्ह्यांमुळे सर्वांत लवकर हलतात, असेही त्यांना आढळले. शाळेच्या पालकसभेला येणारे आणि नगरसेवकाला जाब विचारणारे जर आधी निघून जात असतील, तर गुन्हेगारी हे निव्वळ लक्षण राहत नाही, ते पुढच्या पडझडीचे कारण बनते.

शिवाय ‘गरिबीमुळे गुन्हे’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने उच्चारतो त्यात गरिबांचा अपमान आहे. अशा वस्तीत गुन्हे करणारे मूठभर असतात, आणि ते सोसणारे जवळजवळ सगळे तितकेच गरीब असतात. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे नव्वद टक्के खुनांचा छडा लागत असे. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळले आहे. खुन्याला पकडले जाणार नाही हे जिथे सर्वांनाच ठाऊक असते, तिथे मेलेल्याचा भाऊ स्वतःच हिशेब चुकता करायला निघतो. पाच_हिवाळे, तुम्ही फोन करणे सोडून दिलेत, त्याचीच ही पुढची पायरी आहे.

अंकगणित

‘तरीही’ यांच्या प्रतिसादातले ‘मूठभर’ फार महत्त्वाचे आहे, आणि खून कसे घटले या मृण्मयीताईंच्या प्रश्नाची किल्ली मला तिथेच दिसते. डेव्हिड वाइसबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटल शहरातल्या १९८९ ते २००२ या चौदा वर्षांच्या नोंदी रस्त्याच्या एकेका तुकड्यानुसार, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, मांडल्या. निम्मे गुन्हे जेमतेम पाच टक्के तुकड्यांवर घडत होते, आणि दरवर्षी साधारण त्याच तुकड्यांवर. अख्खी वस्ती ‘वाईट’ नसते. तिच्यातले दोन-तीन कोपरे वाईट असतात, आणि बाकीच्या गल्ल्या त्या कोपऱ्यांची किंमत मोजतात.

ते कोपरे कशाने ठरतात, यावर एक काळ ‘फुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत फार गाजला. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी तो १९८२ मध्ये मांडला: एक फुटकी काच तशीच राहिली की कोणाचे लक्ष नाही असा निरोप जातो, आणि उरलेल्या काचा फुटतात. पाच_हिवाळे यांची हकिगत वाचून तो खराच वाटेल. मात्र पोलिसांनी त्यातून काढलेला अर्थ, किरकोळ कारणांवरून गरीब पोरांची धरपकड करण्याचा, मला कधीच पटला नाही, कारण खिडकी दुरुस्त करा असे सांगणाऱ्या सिद्धांतातून खिडकीजवळ उभ्या असलेल्याला पकडा असा आदेश निघाला. रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडनबुश आणि फेल्टन अर्ल्स यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवरून १९९७ मध्ये दाखवले, की सारख्याच गरीब दोन वस्त्यांमध्ये हिंसेचे प्रमाण पुष्कळ वेगळे असू शकते. शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे का, आणि शाळा बुडवून नाक्यावर उभ्या राहिलेल्या मुलांना कोणी हटकते का, यावर बराच फरक पडतो. याला त्यांनी सामूहिक परिणामकारकता म्हटले. नाव जड आहे, पण आपण सगळे तिला ‘शेजारधर्म’ म्हणूनच ओळखतो.

अर्थात पोटाची मारामार, महिन्या-महिन्याला बदलणारे भाडेकरू आणि जप्तीची नोटीस असताना शेजारधर्म टिकत नाही, त्यामुळे जुने_नकाशे यांचा मुद्दा कायम राहतो. तरी गरिबी हटण्याची वाट न पाहताही काही करता येते. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या भूखंडांवरचा कचरा उचलून गवत आणि काही झाडे लावली, भोवती लाकडी बुटके कुंपण घातले आणि बाकीचे तसेच ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांमध्ये अशा सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा सुमारे २९ टक्क्यांनी घटली.

डेट्रॉइटमध्ये २०१६ च्या अखेरपर्यंत सुमारे ६५,००० नवे एलईडी पथदिवे लागले, हजारो पडकी घरे पाडली गेली, आणि कोविडनंतर आलेल्या केंद्रीय निधीतून ज्या भागांत गोळीबार जास्त होतो तिथल्या स्थानिक गटांना भांडणे मिटवण्यासाठी पैसे मिळाले. सगळे श्रेय यालाच देऊ नये, कारण २०२३ मध्ये खून देशभरच घटले. पण गरिबी तशीच असताना खून कसे घटले, याचे निदान अर्धे उत्तर तरी इथे आहे: गरिबी सगळ्या शहराला असते, खून कोपऱ्यांवर होतात.

मृण्मयी_क

सर्वांचे आभार. ‘आधी काय’ हा माझा प्रश्नच कच्चा होता, हे आता लक्षात आले. १९५० च्या दशकात एक उत्तर खरे होते, १९७० च्या दशकात दुसरे, आणि जळालेल्या घराच्या शेजारी राहणाऱ्यासाठी दोन्ही एकाच वेळी. ‘तरीही’ यांचा आक्षेप मात्र मला अजून पुरता सुटलेला वाटत नाही, कारण निघून गेलेली कुटुंबे दिवे लावून परत येत नाहीत. २०२३ च्या अंदाजात १९५७ नंतर प्रथमच शहराची लोकसंख्या किंचित वाढलेली दिसते, पण ते परतलेले आहेत की नवखे, हे आकडा सांगत नाही.

पाच_हिवाळे, एक विचारायचे राहिले. त्या शेजारच्या घराचे पुढे काय झाले?

पाच_हिवाळे

मी शहर सोडल्यानंतर दुसऱ्या वर्षी ते पाडले. घरमालकीणबाईंनी तो रिकामा भूखंड शेजाऱ्यांसाठीच्या योजनेतून शंभर डॉलरला विकत घेतला. जिथे तळघर होते तिथली माती अजून मोठा पाऊस झाला की थोडी बसते, म्हणून त्यांनी तिथे काही बांधलेले नाही. कडेने फुलझाडे लावली आहेत, आणि त्या जागेचा कर आता त्यांच्याच नावावर येतो. पहिल्या वर्षीची पावती त्यांनी मला फोटो काढून पाठवली होती. खाली लिहिले होते, ‘वेळेवर भरला.’